न आवडण्याचा हक्क

(आमच्या संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

आज इथे मी कायद्यावर किंवा वर्षभराच्या शिबिरांवर बोलेन असं तुमच्यापैकी बऱ्याचजणींना वाटलं असेल. पण मी बोलणार आहे एका अमेरिकन सिनेमावर. तोही अंतराळातल्या लढायांचा! नाव ‘द लास्ट जेडाय’. डिसेंबर २०१७ मध्ये आलेला. मध्यंतरी आपल्या अभ्यासगटाने तो एकत्र बसून पाहिला. सिनेमा एकशेबावन्न मिनिटांचा आणि त्यावरचं आपलं भांडणही जवळजवळ तेवढंच चाललं. त्या भांडणात माझ्या हातून एक चूक झाली. तिच्याबद्दल बोलायचं म्हणून मी उभी राहिले आहे. पण ती चूक समजायची तर आधी हा सिनेमा आणि त्याच्यावरून जगभर पेटलेला वाद समजून घ्यावा लागेल. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी काळजी करू नये, लागेल तेवढी गोष्ट मी सांगते.

‘स्टार वॉर्स’ नावाचा पहिला सिनेमा जॉर्ज लुकसने १९७७ साली काढला. एका ओसाड ग्रहावर काका-काकूंकडे वाढलेला लूक स्कायवॉकर, साम्राज्याविरुद्ध लढणारी राजकन्या लेया आणि काळ्या मुखवट्यातला दुष्ट डार्थ व्हेडर, अशी ती गोष्ट. पहिली तीन चित्रपटांची मालिका १९८३ साली संपली. पुढे १९९९ ते २००५ या काळात आणखी तीन आले. २०१२ साली डिस्ने कंपनीने लुकसची चित्रपटसंस्था सुमारे ४०५ कोटी डॉलरला विकत घेतली आणि २०१५ पासून तिसरी मालिका सुरू झाली. या वेळी मध्यभागी होती रे नावाची मुलगी. भंगार वेचून पोट भरणारी, आईबापांची वाट बघणारी. ‘द लास्ट जेडाय’ हा या तिसऱ्या मालिकेतला मधला सिनेमा. लेखक आणि दिग्दर्शक रायन जॉन्सन.

म्हणजे हा सिनेमा आला तेव्हा मूळ गोष्टीला चाळीस वर्षं झाली होती. पहिला सिनेमा दहाव्या वर्षी पाहिलेला मुलगा आता पन्नाशीचा होता. त्याने ती गोष्ट नुसती पाहिली नव्हती, घरातल्या गोष्टीसारखी सांभाळली होती. आपल्याकडे एखादीला लहानपणी आजीने सांगितलेली गोष्ट कुणी वेगळी सांगितली की ती लगेच म्हणते, ‘नाही, असं नाहीये ते.’ तसंच हे. त्या प्रेमाची टिंगल करू नये असं मला वाटतं. वादाची सुरुवात त्या प्रेमातूनच झाली.

वाद कशाकशावरून झाला? चार मुद्दे सांगते. हे चारही मुद्दे आपल्या बैठकीतही निघाले.

पहिला लूकचा. आधीच्या सिनेमाच्या शेवटी रे त्याला शोधत एका बेटावर पोचते आणि त्याची जुनी प्रकाशाची तलवार, ती लाइटसेबर, त्याच्यापुढे धरते. सगळे प्रेक्षक श्वास रोखून दोन वर्षं थांबले होते. आणि या सिनेमात लूक काय करतो? तलवार हातात घेतो आणि खांद्यावरून मागे भिरकावून देतो! तो खचलेला आहे. आपल्या भाच्याच्या मनात अंधार वाढतोय असं पाहून एका क्षणी त्याच्या मनात त्या पोराला मारून टाकायचा विचार आला होता. त्या क्षणाचं ओझं घेऊन तो जगापासून तोंड लपवून बसला आहे. ज्यांनी लूकला आशेचा पुतळा मानलं होतं त्यांना हा घाव वाटला. लूकचं काम करणाऱ्या मार्क हॅमिललाही तो पटला नव्हता. ते त्याने दिग्दर्शकाला सांगितलं, मुलाखतींतही बोलून दाखवलं आणि मतभेद चारचौघांत नेल्याबद्दल पुढे खंतही व्यक्त केली.

आपल्या बैठकीत एका मैत्रिणीचा भाऊ आला होता. तो म्हणाला, ‘मला हे बापाला हरलेलं बघितल्यासारखं झालं.’ त्यावर आपल्यातलीच एक ज्येष्ठ मैत्रीण म्हणाली, ‘मला तर तो तिथेच पहिल्यांदा माणूस वाटला. चुकला, शरमला आणि शेवटी बाहेर आला.’ दोघंही मनापासून बोलत होते. दोघांपैकी कुणालाही खोडून काढायची गरज कुणाला वाटली नाही. हा वाद मला फार आवडला.

दुसरा मुद्दा रेच्या कुळाचा. हिचे आईबाप कोण, या प्रश्नावर चाहत्यांनी दोन वर्षं तर्क लढवले होते. लूकची मुलगी असेल, कुणा थोर योद्ध्याची नात असेल. जॉन्सनने उत्तर दिलं : कुणी नाहीत. दारूच्या पैशासाठी पोरीला विकून टाकणारे भंगारवाले. तरीही शक्ती तिच्यात आहे. काहींना ही फसवणूक वाटली. मला मात्र या सिनेमातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. आपल्या समाजात माणूस पुढे आला की आधी विचारतात, ‘कुणाची गं तू?’ बाईला तर बापाच्या आणि नवऱ्याच्या नावाशिवाय अर्जही भरता येत नसे. त्या प्रश्नाला ‘कुणाची नाही’ असं उत्तर देऊन उभी राहणारी नायिका मी अशा भव्य सिनेमात फार पाहिलेली नाही.

तिसरा मुद्दा रोझचा. रोझ टिको ही जहाजावर देखभालीचं काम करणारी साधी मुलगी. तिची बहीण पेज सिनेमाच्या सुरुवातीच्याच हल्ल्यात मरते. पो डॅमरन नावाचा धडाडीचा वैमानिक लेयाचा माघारीचा हुकूम मोडून हल्ला चालू ठेवतो. शत्रूचं मोठं जहाज बुडतं, पण आपली सगळी बॉम्बफेकी यानं जातात. त्यातल्या एकात पेज असते. विजयाचा जल्लोष चालू असताना कुणाची तरी बहीण गेलेली आहे, हे दाखवायला दिग्दर्शकाला विसर पडलेला नाही. पुढे रोझ आणि फिन एका जुगारी शहरात जातात. तिथले श्रीमंत दोन्ही बाजूंना शस्त्रं विकून गब्बर झालेले आहेत. हा भाग लांबला, मूळ गोष्टीपासून भरकटला, अशी तक्रार पुष्कळांनी केली. मलाही तो लांबलेला वाटला. शेवटी फिन शत्रूच्या तोफेवर आदळून प्राण द्यायला निघतो तेव्हा रोझ त्याला धडक देऊन वाचवते. त्यावरही दोन मतं आहेत. एक म्हणतं, तिने त्याचं बलिदान हिरावलं आणि बाकी सगळ्यांचे जीव धोक्यात घातले. दुसरं म्हणतं, मरण्यातच शौर्य असतं हा पुरुषी समज तिने मोडला. आपल्या बैठकीत यावर हात वर करून मत घेतलं तेव्हा गट बरोबर मधोमध फुटला होता.

चौथा मुद्दा होल्डोचा. तिथेच माझी चूक झाली, तेव्हा तो जरा राखून ठेवते.

आता बाहेर काय झालं ते पाहू. सिनेमाने जगभरात सुमारे १३३ कोटी डॉलरची कमाई केली. थिएटरातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांची मतं घेणाऱ्या सिनेमास्कोर या संस्थेने त्याला ‘ए’ श्रेणी दिली. रॉटन टोमॅटोजवर नव्वद टक्क्यांहून जास्त समीक्षकांचा कौल चांगला होता, पण तिथेच प्रेक्षकांनी नोंदवलेला कौल मात्र निम्म्याच्याही खाली. म्हणजे कुणाला विचारलं, कसं विचारलं, यावर उत्तर बदलत होतं. दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचा आकडा उचलला आणि ‘खरे चाहते आमच्याकडे’ असं सांगायला सुरुवात केली.

इथवर ठीक होतं. सिनेमावर भांडणं व्हावीतच. पण याच गर्दीत दुसरंही काही चाललं होतं. जानेवारी २०१८ मध्ये कुणा अनामिकाने या सिनेमाची स्वतः कापलेली प्रत पसरवली. बायका वजा केलेली! लेया पोला रागावते, त्याचा हुद्दा कमी करते ते प्रसंग गाळले, होल्डो गाळली. एकशेबावन्न मिनिटांतून उरली सेहेचाळीस. त्यावर दिग्दर्शक आणि नट हसले. मीही हसले. एखाद्या गोष्टीतून बायका काढल्या की किती शिल्लक राहते हे त्या गृहस्थाने फुकटात सिद्ध करून दिलं, असं मी तेव्हा म्हणाले होते.

पण पुढचं हसण्यासारखं नव्हतं. रोझचं काम करणारी केली मेरी ट्रॅन ही नटी अमेरिकेत जन्मलेली, तिचे आईवडील व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून आलेले. ‘स्टार वॉर्स’च्या सिनेमात एवढी मोठी भूमिका मिळालेली ती पहिली गोरेतर स्त्री. सिनेमा आला आणि तिच्या दिसण्यावर, अंगावर, वंशावर गलिच्छ लिहिणाऱ्यांनी तिला अक्षरशः घेरलं. रोझ या पात्राची माहिती देणाऱ्या पानावरही कुणी वांशिक शिव्या लिहून ठेवल्या. जून २०१८ मध्ये तिने इन्स्टाग्रामवरचं आपलं सगळं लिखाण आणि फोटो काढून टाकले.

ऑगस्ट २०१८ मध्ये तिने न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक लेख लिहिला. तो मिळाला तर जरूर वाचा. त्यात ती म्हणते की त्या लोकांच्या शब्दांपेक्षा ते शब्द आपल्याला खरे वाटू लागले याचा त्रास अधिक झाला. कारण हेच तिला लहानपणापासून शिकवलं गेलं होतं : तुझी जागा कडेला, दुसऱ्याच्या गोष्टीत. नऊ वर्षांची असताना शाळेतली मुलं चिडवतात म्हणून तिने व्हिएतनामी बोलणं सोडून दिलं होतं. सतराव्या वर्षी मित्राच्या गोऱ्या कुटुंबाबरोबर जेवायला गेली आणि अस्खलित इंग्रजीत जेवण मागवलं तर वाढणाऱ्या बाईला वाटलं ही परदेशातून आलेली विद्यार्थिनी. शिव्या नव्या होत्या, पण त्यांना बसायला जागा जुनीच होती. गावाकडची बोली शहरात आल्यावर गिळून टाकलेल्या आपल्या मुलींना हे वेगळं समजावून सांगायला नको.

हे फक्त बायकांच्या वाट्याला येतं असंही मी म्हणणार नाही. १९९९ च्या सिनेमात जार जार बिंक्स नावाचं विनोदी पात्र होतं. ते पुष्कळांना असह्य झालं. ते काम करणारा अहमद बेस्ट हा कृष्णवर्णीय नट. त्याने २०१८ साली जाहीरपणे सांगितलं की त्या वेळच्या माऱ्याने तो जीव द्यायच्या काठावर पोचला होता. जार जार वाईट लिहिलेलं पात्र होतं असं म्हणायचा सगळ्यांना हक्क आहे. पण ते लिहिलं होतं दुसऱ्याने आणि मार खाल्ला बेस्टने. रोझचा जुगारी शहरातला भाग लांबला असेल तर तोही केली ट्रॅनने लिहिलेला नव्हता. राग नेहमी उतारावरून वाहतो. ज्याच्याकडे सत्ता कमी, त्याच्या दारात तो जाऊन साचतो.

मैत्रिणींनो, आता आपल्याला अवघड जाणारी बाजू. हे सगळं वाचल्यावर माझ्यासारखीची सहज प्रतिक्रिया काय होते? ज्यांना सिनेमा आवडला नाही ते सगळे बायकांचे द्वेष्टे. सोपं, सुटसुटीत. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या मॉर्टन बे नावाच्या अभ्यासकाने २०१८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. रायन जॉन्सनला उद्देशून तेव्हाच्या ट्विटरवर आलेले ९६७ संदेश त्याने तपासले. त्यातले प्रतिकूल होते २०६. आणि या २०६ पैकी निम्म्याहून किंचित जास्त संदेश राजकीय हेतूने लिहिलेले, मुद्दाम खोडी काढणाऱ्यांचे किंवा माणसाने नव्हे तर यंत्राने पाठवलेले असावेत, असा त्याचा निष्कर्ष. बातम्यांचे मथळे झाले : विरोध बनावट होता!

पण जरा हिशेब करून पाहा. हे एका माणसाला आलेले संदेश. त्यावरून जगभरच्या प्रेक्षकांचं मत ठरत नाही. आणि २०६ मधून ते वजा केले तरी शंभरएक उरतातच की. ती साधी माणसं होती. त्यांना सिनेमा आवडला नव्हता, एवढंच. त्यांत बायकाही असतील. लूकवर जीव लावणाऱ्या, रोझला याहून चांगली गोष्ट मिळायला हवी होती असं वाटणाऱ्या. त्यांना कुणी विचारलं नाही. एका बाजूला शिव्या देणारे त्यांना आपल्यात मोजत होते आणि दुसऱ्या बाजूला आम्ही त्यांना शिव्या देणाऱ्यांत ढकलत होतो. कंपनीलाही हे सोयीचं असतं. टीका आली की ‘हे तर द्वेष्टे’ म्हटलं की सिनेमाच्या उणिवांचा जाब द्यावा लागत नाही. आपला संघर्ष कुणा बड्या कंपनीच्या हातातली ढाल होऊ नये, याचं भान आपल्याला हवं.

आता होल्डो. पहिल्या हल्ल्यानंतर लेया बेशुद्ध होते आणि सूत्रं येतात व्हाइस ॲडमिरल होल्डोकडे. ते काम लॉरा डर्नने केलंय. जांभळे केस, लांब झगा, शांत आवाज. जहाजांचं इंधन संपत आलंय, शत्रू मागावर आहे. पो तिला विचारतो, तुमचा बेत काय? ती सांगत नाही. उलट त्याला त्याची जागा दाखवते. तिच्याकडे बेत नाहीच असं समजून तो फिन आणि रोझला गुपचूप दुसऱ्या मोहिमेवर पाठवतो, शेवटी बंड करतो. खरं तर तिचा बेत असतो. छोट्या यानांतून लोकांना जवळच्या ग्रहावरच्या जुन्या तळावर गुपचूप उतरवायचं. पोच्या चोरट्या मोहिमेमुळेच तो बेत शत्रूला कळतो आणि कितीतरी यानं वाटेतच उडवली जातात. होल्डो एकटी मागे राहते, रिकामं जहाज वळवते आणि प्रकाशाच्या वेगाने शत्रूच्या जहाजावर घालते. पडद्यावर काही क्षण आवाजच नाही. आपल्या खोलीतही कुणी हललं नव्हतं.

मी भारावून गेले होते. म्हणाले, ‘बघा, बाईने शांतपणे केलेलं नेतृत्व पुरुषाला दिसतच नाही. आरडाओरडा केला तरच त्याला नेतृत्व वाटतं.’ बऱ्याचजणींनी माना डोलावल्या. तेव्हा आपली एक विशीतली कार्यकर्ती म्हणाली, ‘ताई, मला होल्डोचं पटलं नाही. लोकांचे जीव पणाला लागलेत आणि त्यांना कुठे नेणार हे त्यांना सांगायचं नाही? तिने दोन वाक्यं सांगितली असती तर बंडच झालं नसतं.’

मी काय उत्तर दिलं ते जसंच्या तसं सांगते. मी म्हणाले, ‘सेनापती पुरुष असता तर तू हा प्रश्न विचारला असतास का? बाईच्या हातात सत्ता आली की हिशेब मागायला आपणच पहिल्या!’ खोलीत हशा पिकला. ती गप्प बसली. त्या संध्याकाळी पुन्हा एक शब्द बोलली नाही. पुढच्या दोन बैठकांना आली नाही.

मी तिच्या घरी गेले. चहा झाला. विचारलं, ‘रागावलीस का?’ ती म्हणाली, ‘ताई, मी सिनेमाबद्दल बोलत होते. तुम्ही माझ्याबद्दल बोललात.’

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. सिनेमा आवडला नाही असं म्हणणं, आणि ते म्हणणाऱ्या किंवा सिनेमात काम करणाऱ्या माणसाला बोलायलाच जागा न ठेवणं, यातला फरक मी तासभर इतरांना समजावून सांगत होते, आणि माझ्याच खोलीत मी तो ओलांडला. माझ्या शब्दांत शिवी नव्हती. वंशाचा, रूपाचा उल्लेख नव्हता. उलट शब्द चळवळीचे होते. पण परिणाम काय झाला? एक मुलगी गप्प झाली. केली ट्रॅनवर झालेल्या माऱ्याशी मी याची बरोबरी करत नाही, ती करणं तिच्या दुःखाचा अपमान होईल. पण बोलणाऱ्याच्या मुद्द्याला सोडून बोलणाऱ्याला पकडायची खोड एकच आहे, आणि ती आपल्यालाही आहे, एवढं मला मान्य करायला हवं.

त्याच दिवशी ती आणखी एक गोष्ट बोलली. ‘केंद्राची जागा सोडायचं ठरलं ते आम्हांला सामान बांधायच्या दिवशी कळलं, आठवतंय?’ आठवत होतं. मागच्या वर्षी भाडं परवडेना म्हणून आम्ही तिघी ज्येष्ठांनी तो निर्णय घेतला होता. सगळ्यांना सांगितलं तर घबराट होईल, बायका यायच्या थांबतील, असं आम्हांला वाटलं. हेतू वाईट नव्हता. होल्डोचाही नव्हता. म्हणजे ही मुलगी सिनेमातून आमच्या कारभारावर बोट ठेवत होती, आणि मी पुरुषप्रधानतेचं नाव घेऊन ते बोट बाजूला सारलं. टीका ऐकायची नसली की आपल्या हाताशी किती चांगले शब्द असतात!

मला अजूनही होल्डो आवडते. बंडखोर अधिकाऱ्याला, आणि तोही नुकतीच हुकूम मोडून माणसं गमावलेला, बेत का सांगावा, हा युक्तिवाद मला आजही पटतो. पण ‘इतरांना तरी सांगायला हवं होतं’ हा तिचा मुद्दाही आता मला पटतो. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. सिनेमाने उत्तर पोच्या विरुद्ध दिलं म्हणून प्रश्न संपत नाही.

गोष्टीचा पुढचा भाग सांगते आणि थांबते. सगळे चाहते वाईट नव्हते, हे सांगायलाच हवं. कितीतरी जणांनी रोझची चित्रं काढून केली ट्रॅनला पाठिंबा दिला. हॅमिल आणि जॉन्सन उघडपणे तिच्या बाजूने बोलले. एप्रिल २०१९ मध्ये शिकागोला ‘स्टार वॉर्स’च्या चाहत्यांचा मोठा मेळावा झाला. ती मंचावर आली तेव्हा लोकांनी एवढा टाळ्यांचा गजर केला की तिचे डोळे भरून आले. आणि डिसेंबरमध्ये पुढचा सिनेमा आला, ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’. तो एकशेबेचाळीस मिनिटांचा. त्यात रोझ पडद्यावर किती होती? पत्रकारांनी मोजलं, एक मिनिट सोळा सेकंद. लेयाचं काम करणारी कॅरी फिशर २०१६ च्या अखेरीस वारली होती, तिचं जुनं चित्रीकरण वापरून केलेले रोझबरोबरचे प्रसंग नीट जमले नाहीत म्हणून गाळावे लागले, असं एका लेखकाने सांगितलं. तसं असेलही. पण तिला दुसरे प्रसंग देता आले असते. आणि ‘कुणाची नाही’ म्हणणारी रे? ती जुन्या दुष्ट सम्राटाची नात निघाली! कुळ सापडलं एकदाचं.

म्हणून मी म्हणते, ओरडणाऱ्यांचं ऐकलं गेलं आणि वाद घालणाऱ्यांचं नाही. सिनेमातल्या खऱ्या उणिवांवर बोलणाऱ्यांना काय हवं होतं? रोझला अधिक चांगली गोष्ट. मिळालं काय? रोझच नाही. केली ट्रॅन थांबली नाही, २०२१ साली तिने ‘राया’ या डिस्नेच्या नायिकेला आवाज दिला, तिचं चांगलं चाललंय. पण रोझची गोष्ट मात्र तिथेच राहिली.

आपल्या अभ्यासगटात आता आम्ही एक साधी पद्धत ठरवली आहे. सिनेमा असो, पुस्तक असो, संघटनेचा ठराव असो, ‘मला पटलं नाही’ असं जी म्हणेल तिला आधी ‘का’ विचारायचं. ‘तू कोण’ हे विचारायचं नाही. आणि कार्यकारिणीच्या बैठकीचं इतिवृत्त त्याच आठवड्यात सगळ्यांना वाचून दाखवायचं, भाड्याच्या आकड्यांसकट.

ती कार्यकर्ती आज इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. हे सगळं तिला विचारूनच सांगितलं. पहिलं इतिवृत्त गेल्या आठवड्यात तिनेच वाचलं आणि त्यात दोन चुका काढल्या. त्या दोन्ही माझ्या होत्या.